प्रसूतिगृह पाडायला माझा नकार

प्रिय दादा, रुसलास तरी प्रियच,

पत्र बघून घाबरू नकोस, आई ठणठणीत आहे. काल माझ्याशी कडाकडा भांडली, म्हणजे तब्येत उत्तमच म्हणायची. वहिनीशी मी फोनवर बोलते तेव्हा तू तिथेच असतोस. मागे टीव्हीचा आवाज एकदम मोठा होतो त्यावरून कळतं. तीन वर्षं आपण धड बोललो नाही, आणि तरी मनातल्या मनात मी रोज तुझ्याशी हुज्जत घालत असते. म्हटलं, लिहूनच टाकावं. फोन केला असता तर तू हं हं करून तो वहिनीच्या हातात दिला असतास.

आपला कार्यगट अजून चालू आहे. तू गेल्यावर मोडेल असं वाटलं होतं, नाही मोडला. महिन्यातून एकदा त्याच लांबलचक टेबलाभोवती जमतो: सिमेंटवाले काका, पालिकेचे साहेब, प्राध्यापकबाई, प्लंबरांच्या संघटनेची ती तोंडाळ पोरगी आणि मी. भाषण सुरू झालं की काकांचे डोळे मिटतात आणि चहा आला की उघडतात, त्यात काही फरक नाही. शहरातल्या इमारती कमी सिमेंटमध्ये, कमी विजेत कशा उभ्या राहतील ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि एकाचाही नकार असेल तर पुढे जायचं नाही, हा मूळ नियम. त्याला शेपूट जोडलं ते आपण दोघांनी, तुझ्या स्वयंपाकघरात बसून: ज्याचा नकार, त्यानेच पुढच्या बैठकीत सगळ्यांना पटेल असा दुसरा मार्ग आणायचा. उगाच फाटे फोडणाऱ्यांना चाप बसावा म्हणून. काय खूश होतो आपण स्वतःवर!

आणि त्यात पहिला सापडलास तूच. जुनं वाचनालय पाडून तिथे आदर्श हरित इमारत बांधायची होती, नकाशा माझा होता. तुझं म्हणणं साधं होतं. त्या विटा भाजताना व्हायचा तो धूर होऊन गेलाय, आता त्या पाडून पुन्हा नवा धूर कशाला? आहे तेच दुरुस्त करू. तू तीन वेळा दुसरा मार्ग आणलास. सुट्ट्या घालवून, गच्चीवर चढून, एकेक भिंत ठोकून बघून. तिन्ही वेळा आम्ही कागद चाळले, छान छान म्हटलं आणि काहीतरी खुसपट काढून परत पाठवलं. चौथ्या बैठकीत तू म्हणालास, चालेल, पाडा. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मला खरंच वाटलं रे, तुला पटलं म्हणून. तू ग्लासातलं पाणी संपवलंस, खुर्ची आत सरकवलीस आणि गेलास, तो पुन्हा आलाच नाहीस.

वाचनालय दिसतं देखणं. दुपारी काचेतून ऊन आत घुसतं, मग पडदे ओढतात, मग अंधार होतो म्हणून दिवे लावतात. ते दिवे गच्चीवरच्या सौर पॅनेलवर चालतात, हे साहेब येणाऱ्या पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने दाखवतात. दुसऱ्या कुणाचा नकाशा असता तर मी पोट धरून हसले असते. हल्ली त्या बाजूला जायची वेळ आली की मी लांबून वळसा घालते.

परवाच्या बैठकीत विषय होता प्रसूतिगृहाचा. आईने जिथे जन्मभर नर्स म्हणून काम केलं, तेच. पाडायचं आणि नवं बांधायचं, सगळे तयार. मी नाही म्हटलं. त्या भिंती हातभर जाड आहेत, भर उन्हाळ्यात आत गारवा असतो, छप्पर तेवढं बदलायला झालंय. लिफ्ट बाहेरून जोडता येईल. बाईंनी माझ्या हातावर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं. साहेब घड्याळ बघू लागले. काका नेमके जागे होते. म्हणाले, मग आणा दुसरा मार्ग, नियम तुमचाच आहे. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती माझ्याच अंगावर आली. पाडा की एकदाचं, म्हणे, त्या जिन्यांनी माझे गुडघे खाल्ले! म्हणजे बाहेरही मी एकटी आणि घरातही.

तर दादा, आकडेमोड मागायला हे लिहीत नाहीये. खांब किती वजन पेलतील ते काढून द्यायला एक इंजिनिअर मिळालाय. तुझ्याइतका खडूस नाही, पण काम चोख आहे. ऊन-वारा माझं मी बघते. लिहितेय ते दुसऱ्याच कारणासाठी. तुझ्या त्या बैठकांना मी समोरच्या बाजूला बसायचे, आणि नकाशा माझा म्हणून तुझ्याकडे बघायचंसुद्धा टाळायचे. सख्खा भाऊ समोर एकटा बसलाय, हे मला दिसलंच नाही. परवा माझ्यावर वेळ आली तेव्हा दिसलं, आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. पुढची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आहे. माझं म्हणणं तुला पटायलाच हवं असं नाही, माझी बाजूही घेऊ नकोस, एक शब्द बोलू नकोस. फक्त ये आणि माझ्या शेजारी बस.

तुझीच, अजूनही तेवढीच,
बुटकी