गोपनीय फॉर्म, सूचनाफलकावर

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (पाकिटाला डिंक लावणार आहे आणि वरून चिकटपट्टीही. का, ते पुढे वाचाल.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी जिना चढायला बंदी घातली असेल तर निमूटपणे ऐका, निवृत्त माणसाला वरच्या मजल्यावर काही काम नसतं. मामींची साखर ताब्यात असेल अशी आशा. आमच्याकडे सगळे ठणठणीत. फक्त माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि तीन आठवडे झाले तरी उतरायचं नाव घेत नाही.

झालं असं की वरून एक फॉर्म आला. प्रत्येक अधिकाऱ्याने आपण कुठल्या खासगी मंडळाचे, संघटनेचे किंवा शपथ घ्यावी लागणाऱ्या संस्थेचे सदस्य आहोत ते लिहून द्यायचं. म्हणे, कुठल्याशा तळावर एका साहेबाने आपल्या मंडळातल्या माणसाला बढतीत पुढे ढकललं, वर्तमानपत्रांनी बोंब मारली, आणि शिक्षा आम्हा सगळ्यांना! मामा, मी नऊ वर्षं फ्रीमेसन आहे. महिन्यातून एकदा लॉजमध्ये सभेला जातो, कमरेला एप्रन बांधतो, जुनी वाक्यं पाठ म्हणतो (तुम्हीच मला तिथे नेलंत, तेव्हा अर्धा दोष तुमचा), समोर गवंड्याचा गुण्या आणि ओळंबा ठेवून माणसाने सरळ कसं वागावं यावरचं भाषण ऐकतो, जेवतो आणि घरी येतो. यात लष्कराचं काय जातं? माझ्या गोदामातला एक बूट तरी त्यामुळे कमी झाला का? फॉर्म न भरता परत पाठवावा असं फार वाटलं. पण खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘ही माहिती गोपनीय राहील.’ आमच्या लॉजचे प्रमुख दातांचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, आतल्या खुणा सांगायच्या नाहीत, पण सदस्य आहे हे सांगायला लाज कसली? मला पटलं. खरं तेच लिहिलं, पाकीट बंद केलं आणि हेडक्लार्कच्या हातात दिलं. त्याला सगळी छावणी ‘कर्णा’ म्हणते. तिथेच मी शहाणं व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूचनाफलकावर, खानावळीच्या वेळा आणि फुटबॉलच्या सामन्यांच्या मधोमध, चार टाचण्या मारून यादी! तीन नावं. पशुवैद्य, पक्षीनिरीक्षण मंडळ. बँडमास्तर, श्वानप्रेमी संघ. आणि तिसरा मी. कर्ण्याला ‘फ्रीमेसन’ हा शब्द लिहिता येईना, म्हणून त्याने आपल्या अकलेने नुसतं लिहिलं होतं: ‘लॉज. दर महिन्याचा दुसरा गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ.’

आता लॉज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं हे तुम्हाला सांगायला नको. दुपारपर्यंत माझ्याकडे बघून खोकणाऱ्यांची साथ आली. ड्रायव्हर अत्यंत आदराने विचारतो, “साहेब, गुरुवारी गाडी मागच्या दाराला लावत जाऊ का?” मी चिडून त्याला खरं काय ते सांगितलं, तर संध्याकाळी गोदामाचा हवालदार दारात हजर. “साहेब, तुम्ही फ्री मेसन आहात म्हणे. आमच्या क्वार्टरची मागची भिंत कलली आहे. सिमेंट मी आणतो.” त्याला वाटलं मी फुकटात गवंडीकाम करतो! (मामा, भिंत खरंच कललेली आहे. मी जाऊन पाहिली. बांधकाम खात्याला तीन पत्रं लिहिली आहेत.)

पण हे सगळं परवडलं. घरी काय झालं ते ऐका. नऊ वर्षांपूर्वी लॉजला पहिल्यांदा निघताना बायकोने विचारलं, कुठे निघालात, तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, “कंबरेच्या व्यायामाला.” का निघालं ते आजही सांगता येणार नाही. पण एकदा निघालं ते निघालं, आणि पुढे नऊ वर्षं मला कंबर दुखवत ठेवावी लागली. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी सूचनाफलकाची बातमी घरी पोचवली. मी आलो तेव्हा ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “लॉजवर कंबरेचा कोणता व्यायाम असतो हो?” मी एप्रन काढून दाखवला. पाठ केलेली वाक्यं म्हणून दाखवली (शपथेत बसतील तेवढीच). तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “इतकं साधं होतं, तर मला सांगायला काय धाड भरली होती? नऊ वर्षं मी तुमच्या कंबरेला तेल चोळते आहे.” त्यानंतर चार दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

पाचव्या दिवशी मी लेखी तक्रार घेऊन कर्नलसाहेबांकडे गेलो. गोपनीय माहिती फलकावर लागतेच कशी, एवढाच प्रश्न. त्यांनी तक्रार वाचली, उठले, दार लावून घेतलं आणि माझा हात हातात घेतला. घेतला असा, की तो तुमच्या-माझ्यासारख्यानेच घ्यावा. कसा, ते लिहीत नाही. मी थक्क! म्हणाले, “दुसऱ्या गावच्या लॉजचा आहे. सतरा वर्षं झाली. माझ्या फॉर्मवर ‘निरंक’ लिहिलंय. तू समजून घे.” मी समजून घेतलं. माणसाची खासगी गोष्ट त्याची त्याने सांगावी, यासाठीच तर मी भांडत होतो.

माझ्या तक्रारीवर चौकशी लागली. कोणाची? कर्ण्याची? छे! माझी! तीन अधिकारी, हिरव्या कापडाचं टेबल, आणि मधल्या खुर्चीवर अध्यक्ष म्हणून आमचे कर्नलसाहेब. डावीकडच्या मेजरने लॉजमध्ये काय चालतं ते विचारलं, मी सांगण्यासारखं सांगितलं. मग अध्यक्षांसमोर छापील प्रश्न आला. त्यांनी तो पेपरवेटकडे बघत वाचला. “सैन्यातले इतर कोणी सदस्य तुम्हाला माहीत आहेत का?”

“आहेत,” मी म्हणालो.

“नावं?”

“ज्याचं त्याने सांगावं, सर.”

पंखा फिरत होता. कर्नलसाहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी वाट पाहिली, मामा. मनात म्हणत होतो, आता बोलेल, आता बोलेल. माणसाला सतरा वर्षं सरळ वागण्याचे पाठ दिलेत, एक वाक्य तर म्हणेल. तो म्हणाला, “नोंद करा. उत्तर देण्यास नकार.”

परवा निकाल आला. ‘निष्ठेबाबत संदिग्धता.’ बढतीच्या यादीतून माझं नाव गेलं आणि बदली झाली जुन्या तंबूंच्या गोदामावर, जिथे फोनसुद्धा वारा पडला तरच लागतो. खाली सही त्याचीच. ठसठशीत, झोकदार! आणि कर्ण्याला शाबासकीचं पत्र मिळालं, पारदर्शकतेबद्दल! मला वाटलं जावं आणि त्याच फलकावर चार टाचण्यांनी कर्नलसाहेबांचंही नाव लावावं. टाचण्या खिशात घेऊन मी फलकापर्यंत गेलोही होतो. पाच मिनिटं उभा राहिलो. मग फुटबॉलच्या वेळा वाचून परत आलो.

घरी येऊन सगळं बायकोला सांगितलं, पण त्याचं नाव काही सांगितलं नाही. ती म्हणाली, “कर्नल ना?” मी खिशातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. “नाव नाही घेतलंत ते बरं केलंत. मात्र माझ्याशी खोटं बोललात तो राग वेगळा आहे, तो मी तंबूंच्या गावी नेणार आहे.” तेवढंच या तीन आठवड्यांत गोड वाटलेलं बोलणं.

मामींना नमस्कार सांगा. गुडघा जपा.

तुमचा,
भाचा

ता. क. : बदल्यांच्या शाखेत जे ब्रिगेडियर आहेत, ते तुमच्या लॉजचे ना? नुसतं सहज, गप्पांच्या ओघात, माझा विषय निघाला तर बघा. तंबूंपेक्षा निदान ब्लँकेटं तरी. लॉजमधला भाऊ भावासाठी एवढं करतोच.

ता. क. २ : वरची ता. क. अगदी खासगी समजावी. फाडून टाकलीत तर उत्तम.

ता. क. ३ : मामा, पाकीट चिकटवायच्या आधी मी हे वाचलं. त्यांना म्हटलं, लोक नेमकं ह्या वशिल्यालाच तर घाबरून फॉर्म भरून घेतात. ते तावातावाने बोलायला उठले आणि खाली बसले. ब्रिगेडियरांना काहीही म्हणू नका. सामान बांधून झालं आहे, आम्ही सोमवारी निघतो. – तुमची भाचेसून