न विचारता नेलेला आरसा

ठमे,

गाडी लवकर आली, तुला उठवलं नाही. दुकानाची किल्ली चहाच्या डब्यामागे आहे. वस्तऱ्याची पाती संपत आलीत, आणून ठेव. तीन आठवडे दुकान तुझं. मास्तरांच्या मिशीला मात्र जपून हात लाव.

मागच्या वर्षी परदेशातल्या त्या अनाथाश्रमात मी एका दिवसात चाळीस पोरांचे केस सटासट एकसारखे कापले. फुशारकीने तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, “बाबा, एकाला तरी विचारलंत का, कसे हवेत?” मला मिरच्या झोंबल्या. आणि गेल्या आठवड्यात तू दुसऱ्याच्या दुकानातून केस कापून आलीस, तेव्हापासून मी तोंड फुगवून बसलोय.

आता पुन्हा तिथेच चाललोय, पण या खेपेला दिवसाला आठच डोकी घेणार. त्यांची भाषा मला येत नाही, म्हणून तुझा हातातला आरसा न विचारता नेतोय. पोरं त्यात बघून बोटाने दाखवतील, कुठवर कापायचे ते.

लहानपणापासून तुझे केस मीच कापले, विचारलं एकदाही नाही. हे नवे केस तुला शोभतात. फक्त मागे डावीकडे एक बट लांब राहिलीय.

आल्यावर कापू का?

— बाबा