ढाण्याच्या तोंडी गेलेलं वाक्य

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

(नमस्कार मनातल्या मनात घातला आहे. कंबर धरली आहे, खाली गेलो तर पत्र तिथूनच लिहावं लागेल.) आपली तब्येत ठणठणीत आहे हे आपल्या पत्रातल्या शिव्यांवरून कळलं, आनंद वाटला. ताईचे गुडघे काय म्हणतात? भाचेरावांचा सीमेवरून काही निरोप? इथे फोन वाजला की बायको माझ्याकडे बघते, मी फोनकडे बघतो, आणि निघतो तो विमेवाला.

आपण लिहिता की ढाण्याने लढाईविरुद्धच्या मोर्चात भाषण केलं, सबब रविवारी चौकात त्याचं पोस्टर आपण स्वतः जाळणार, आणि मी त्याला आवाज देणं बंद केलं नाही तर आपल्या घराची पायरी चढायची नाही. वाचून गोंधळलो. म्हणजे आधीच गोंधळलेला होतो, त्यात भर पडली. ढाण्या तिकडच्या भाषेतला हिरो. इकडे त्याचा म्हणून जो घोगरा आवाज प्रसिद्ध आहे तो माझा. इतकी वर्षं गुंडांना तो मारतोय आणि धापा मी टाकतोय. ते भाषणही वाहिनीवाल्यांनी आपल्या भाषेत माझ्याकडूनच बोलून घेतलं. तेव्हापासून लोक त्याला सोडून मला धरतात. (तो लांब राहतो, मी कोपऱ्यावर.) वाण्याने मला साखर द्यायचं नाकारलं, तर त्याच्याच बायकोने मागच्या दाराने दुप्पट दिली आणि डोळे पुसले. न्हाव्याने वस्तरा गळ्याशी आणून विचारलं, लढाई हवी की नको? मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? तर म्हणाला, तेच कळेना म्हणून विचारतोय. वस्तरा गळ्यावर असताना माणसाला मत नसावं, असं माझं मत झालं आहे.

बरं, ढाण्याला वाहिनीवर रोज झोडपणारा तो दुसरा नट, मिशीवाला, त्यालाही आवाज माझाच. स्टुडिओचा मालक म्हणतो, दोन माणसं परवडत नाहीत, तू जरा नाकात बोल. त्यामुळे संध्याकाळी मी नाकातून स्वतःला देशद्रोही म्हणतो आणि घशातून स्वतःलाच विचारतो, तुला काळीज आहे का? बायको म्हणते, दोघांतला जो हरेल त्याने भांडी घासावीत. आजवर दोघेही हरत आले आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. (येतोच आहे, रागावू नका.) सगळी आग लागली ती भाषणातल्या शेवटच्या वाक्याने: 'पोरांना घरी आणा, आईने ताट झाकून ठेवलंय.' त्यावर रोज चर्चा झडतायत. एक विद्वान म्हणाले, झाकलेलं ताट म्हणजे शरणागती. दुसरे म्हणाले, ताट म्हणजे जनता आणि झाकण म्हणजे सरकार. एका निवृत्त साहेबांनी तर झाकलेल्या ताटाने सैन्याचं धैर्य कसं खचतं ते फळ्यावर बाण काढून दाखवलं. दाजी, ते वाक्य ढाण्या बोललाच नव्हता. त्याचं भाषण लांबलचक, आपलं भाषांतर आखूड. माझे शब्द संपले तरी पडद्यावर त्याचे ओठ हलतच होते. आमच्या धंद्यात हलत्या ओठांवर गप्प बसणं म्हणजे पाप, काहीतरी भरावंच लागतं. एरवी मी 'मित्रांनो, अगदी मनापासून सांगतो' भरून वेळ मारून नेतो. त्या दिवशी सकाळीच ताईशी फोनवर बोलणं झालं होतं, तोंडातून तेच गेलं. ध चा मा करणाऱ्यांनी निदान एकच अक्षर बदललं होतं. मी आख्खं वाक्य घुसवलं.

खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून मालकाकडे गेलो, तर तोवर कुणीतरी ते वाक्य उलट ढाण्याच्या भाषेत करून त्याला ऐकवलं होतं. त्याला ते आवडलं! त्याने जाहीर केलं की हे माझ्या काळजातून आलंय, मेलो तरी मागे घेणार नाही. आणि माझं वाक्य त्याच्या काळजातून आलं, हे देशाला मीच माझ्या तोंडाने सांगितलं. आता त्याचे सिनेमे थिएटरांतून उतरवतायत, घरावर दगड पडतायत, आणि तो गडी माझं वाक्य सोडत नाही. मला वाईट वाटतं हो. रात्री पाठ टेकली की वाटतं, हे दगड आपले आहेत.

तेव्हा कृपा करून त्याचं पोस्टर जाळू नका. जाळायचंच असेल तर माझा फोटो पाठवतो, पण चांगला असा एकच आहे, तुमच्या लग्नातला, आणि त्यात मधोमध तुम्ही उभे आहात. लढाई हवी की नको ते मला खरंच कळत नाही. तुमचं आयुष्य पलटणीत गेलं, तुम्हाला कळत असेल. मला एवढंच कळतं की भाचा घरी यावा.

ताईस नमस्कार. लोभ आहेच, राग संपल्यावर वाढवावा.

आपला,
दोन्ही बाजूंचा मेहुणा

ता. क. हे पत्र ताईला दाखवू नये. (तिला मी सगळं फोनवर सांगून बसलो आहे.)

आणखी एक ता. क. ताईने सांगितलं त्यात मी जरासा फेरफार केला होता. भाच्याचं ताट रोज वाढते ती, पण झाकता तुम्ही, आणि ती बघत नाही असं तुम्हाला वाटतं. वाक्यात तुम्हालाच घालणार होतो. पण 'बाबांनी' म्हणायला ओठ दोनदा मिटावे लागतात, आणि ढाण्याने नेमकं तिथे तोंड उघडं ठेवलं होतं. म्हणून आई घातली.

शेवटचा ता. क. सोमवारी मिशीवाल्याचं भाषण आहे, लढाईच्या बाजूने. शब्द संपल्यावर त्याचेही ओठ थोडा वेळ हलतात, आणि दोनदा मिटतात. घालू का? तुमचं नाव कुठेच येणार नाही.