चिमण्यांची खानावळ, कावळ्यांना मज्जाव

प्रिय अहो,

हसू नका. मायना काय घालावा हे सुचेना, म्हणून जन्मभर जी हाक मारली तीच लिहिली. तुम्ही जाऊन दोन महिने होत आले आणि मी भर दुपारी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून तुम्हाला पत्र लिहितेय. बाहेर लू सुटलीय, अंग भाजणारा वारा, तेलीबागेच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. मीनू घरात नाही. शेजारी शुक्लाभाभींकडे आहे, तळहाताला पट्टी बांधून. "आई, मैं उस घर में नहीं आऊँगी," म्हणते. उस घर में! आपलं घर तिला आता 'ते घर' झालं. म्हणून लिहायला बसले. आता तुमच्याशी स्पष्ट बोलल्याशिवाय भागायचं नाही.

घरातली वस्तू जरा कुठे तडकली की तुमचे डोळे कसे चमकायचे! मी हळहळत असायची आणि तुम्ही ती उचलून उजेडात फिरवून बघत असायचात. माझी तार तुटलेली चाळण गेली, पाय मोडलेला पोळपाट गेला, डालड्याचे डबे तर रिकामे होण्याआधीच गेले. मलिहाबादहून दशहरी आंबे यायचे त्या पेटीच्या फळ्याही गेल्या. सगळ्यांची रवानगी मागच्या अंगणातल्या तुतीच्या झाडावर. "चिमण्यांची खानावळ," म्हणायचात. अहो, पण घरातल्या माणसांनी कशात चाळायचं?

बाटल्यांचं तर तुम्हाला वेडच. सुताला रॉकेल लावायचं, बाटलीच्या बुडाशी गुंडाळायचं, काडी ओढायची, आणि सूत जळून विझायच्या बेताला बाटली गार पाण्याच्या बादलीत बुडवायची. टक्! बूड अगदी गोल सुटून यायचं. मग बाटली उलटी टांगायची, तोंडाखाली बशी बांधायची. वरून बाजरी ओतली की चिमण्या जसजशा खातील तसतशी खाली उतरायची. दिवसभर लॅबमध्ये काचाच हाताळत होतात, तरी घरी आल्यावर पुन्हा काचाच! लहानपणी मीनू त्या 'टक्'ची वाट बघत बादलीपाशी बसायची, आठवतं?

आणि प्रत्येक खानावळीभोवती तारेची जाळी. चिमणी आत जाईल, बुलबुल जाईल, पण कावळ्याचं डोकंसुद्धा शिरणार नाही, अशी. आपण या घरात आलो त्याच वर्षी कावळ्यानं तुतीवरचं बुलबुलाचं पिल्लू नेलं, तेव्हापासून तुम्ही त्या जातीवर दात धरलात. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण कावळा दिसला की बनियनवर अंगणात धावायचात, हातात चप्पल!

माझ्या वडिलांच्या श्राद्धाची गोष्ट मी अजून विसरले नाहीये हं. गच्चीवर पान ठेवलं, हात जोडून उभी राहिले. एक कावळा कठड्यावर उतरला, पानाकडे सरकला, आणि मागून तुमची चप्पल! सवयीनं फेकली म्हणालात. सवयीनं? माझ्या बापाच्या ताटावर? दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. मग तुम्हीच चहा करून आणलात, कपाचा कान तुटलेला होता, आणि "हा कप संपला की मला दे" म्हणालात. मी हसले. तुमच्यावर फार वेळ रागावता यायचंच नाही.

त्या रविवारी सकाळीही तुम्ही स्टुलावर चढून तुतीला नवी बाटली बांधत होतात. मी तांदूळ निवडत होते. ओरडला नाहीत, स्टूल हललंसुद्धा नाही. मान वर केली तर तुम्ही झाडाखाली आडवे, आणि बाटली वर नीट बांधलेली. डॉक्टर म्हणाले हृदय. तुम्हाला कधी छातीत दुखलेलं मला सांगितलंत का हो? का नाही सांगितलंत?

दहाव्याला गोमतीवर मीही गेले. आपली मंडळी इथे मोजकी, त्यामुळे बायकांनी येऊ नये असं म्हणायला कोणी नव्हतं. नाना भावजी साताऱ्याहून आले होते, सगळं त्यांनीच केलं. पिंड मांडला आणि आम्ही मागे सरलो. पलीकडे एका कुटुंबाचा पिंड ठेवतात न ठेवतात तोच कावळ्यांनी उचलला. आपल्यासमोरच्या भिंतीवर कावळ्यांची रांग बसलेली, आणि सगळ्यांच्या माना दुसरीकडे. एकही बघेना.

नाना भावजी म्हणाले, "दादा, मीनूचं लग्न मी लावून देईन." काही नाही. "वहिनींना अंतर देणार नाही." काही नाही. मीनू रडत म्हणाली, "बाबा, खा लो ना. प्लीज." तिचं मराठी तुम्हाला कधी ऐकायला मिळालं नाही, तेव्हाही नाही. ऊन चढलं, भात वाळला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि "झालं काम" म्हणाले. मी त्या भिंतीकडे बघत होते. मनात म्हटलं, आयुष्यभर ज्यांना चपला मारल्या ते आता कशाला येतील?

घरी आले तर तुती गप्प. एकही चिमणी नाही. तुम्ही गेलात त्या दिवसापासून त्या आल्याच नव्हत्या, पण माणसांच्या गर्दीत ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी तरी बाजरी भरत राहिले. सुतकाच्या घरी त्यांनाही संकोच वाटत असेल, अशी समजूत घातली मनाची. मग एक दिवस बघते तर बाटली निम्मी रिकामी! आनंद झाला मला. आल्या वाटतं, म्हणून खाली टरफलं बघायला गेले. चिमणी दाणा सोलून खाते, खाली टरफलांचा सडा पडतो, तुम्हीच दाखवलं होतंत. खाली एकही टरफल नव्हतं. विष्ठेचा एक शिंतोडासुद्धा नाही. स्वच्छ झाडून काढल्यासारखी जमीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी याच दारात बसून राहिले, नजर हलवली नाही. लू थांबली होती, पानही हलत नव्हतं. आणि बाटलीतली बाजरी हळूहळू खाली उतरत होती. बशीवर कोणी नव्हतं. दाणे बशीत यायचे आणि नाहीसे व्हायचे. खाऊन झाल्यावर बाटली जराशी झुलली, चिमणी उडून गेल्यावर झुलते तशी.

भीती वाटली का म्हणाल तर वाटली. पण खरं सांगू? त्या भीतीच्या खाली मला बरं वाटत होतं. तुम्ही उपाशी नाही, एवढं तर कळलं.

मग घरातल्या वस्तूंची बुडं सुटायला लागली. आधी लोणच्याची काचेची बरणी. फळीवरून उचलली तर बूड फळीवरच राहिलं आणि कैरीच्या फोडी माझ्या पायांवर. मग कंदिलाची काच. मग मीनूची शाईची दौत. प्रत्येक काप अगदी गोल, कड एकसारखी. आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात रॉकेलचा वास! अहो, गॅस आल्यापासून घरात रॉकेलचा थेंब नाही. कंदीलसुद्धा कोरडाच माळ्यावर पडलेला.

मीनू पहिल्यांदा नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "आई, ये बाबा ही हैं ना?" मी म्हटलं, "काहीतरी काय! उन्हानं काच तडकते." शास्त्रज्ञाची मुलगी ती. "इतनी गोल?" एवढंच म्हणाली आणि अभ्यासाला बसली. पण त्या दिवसापासून पाणी पितळी तांब्यातूनच पिऊ लागली.

आणि मी काय करत होते? मी तुमच्यासाठी बाटल्या ठेवत होते! शुक्लाभाभींकडून मागून आणायची, सरबताच्या, औषधाच्या, मिळतील त्या. संध्याकाळी धुऊन ओट्यावर ओळीनं मांडायची आणि सकाळी उठून आधी तिथे धावायची. कापलेल्या असायच्या. मग मी तुतीला त्या टांगायची. मला तुमच्यासारखी जाळी वळता येत नाही, बोटं रक्ताळायची, तरी वळायची. शेंदाडशिपाई बाई मी, पालीला बघून पलंगावर चढणारी, आणि या भुताच्या कारभारात मला भीती सोडाच, लाजही वाटेना! नवी नवरी स्वयंपाकघरात गाणं गुणगुणते ना, तशी गुणगुणायची. मीनू दारात उभी राहून माझ्याकडे बघायची. तिला तुमच्यापेक्षा माझीच भीती वाटत असेल.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी तो आला. एकटाच कावळा. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसतो, ओरडत नाही, काही पळवत नाही. नुसता मान वाकडी करून माझ्याकडे बघतो. पहिल्या दिवशी पोळीचा तुकडा हातात होता. टाकायला हात पुढेही झाला. आणि एकदम ध्यानात आलं, यानं खाल्लं की तुम्ही गेलात. चप्पल काढली आणि मारली.

रोज येतो, रोज मारते. शुक्लाभाभींनी परवा कुंपणावरून बघितलं. म्हणाल्या, "दीदी, कौआ रोज़ आ रहा है और आप भगा देती हैं? भाईसाहब रास्ता माँग रहे हैं, दे दीजिए." मी म्हटलं, "भाभी, आपके शुक्लाजी शाम को घर आते हैं ना? तो आप नहीं समझेंगी." बिचारी घरात निघून गेली. उगाच बोलले तिला.

काल मीनूकडे तिची मैत्रीण आली होती, रसना करून दिला. काचेच्या पेल्यातून. पाहुण्यांसमोर तांब्या कसा ठेवणार? मीनूनं पेला तोंडाला लावला आणि टक्! तोच आवाज. बूड सुटलं, सरबत अंगभर, आणि सावरायला खाली धरलेल्या तळहातावर ती चकती धारेकडून पडली. केवढं रक्त! मैत्रीण किंचाळत पळाली. मीनू किंचाळली नाही. हात धरून, माझ्याकडे न बघता, तुतीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, बस करो. मुझे दर्द होता है." आणि मग मराठीत म्हणाली, अहो, आपली मीनू मराठीत म्हणाली, "मला दुखतं."

तुम्ही ऐकलंत ना? ऐकलं असणारच. त्यानंतर सगळ्या बाटल्या एकदम झुलल्या आणि थांबल्या. रात्रभर ओट्यावरच्या बाटलीला कोणी हात लावला नाही. आज सकाळी ती अख्खी होती. मी तिच्याकडे बघत बसले आणि कळलं, तुम्ही घाबरलात. लेकीला लागलं म्हणून तुम्ही कोपऱ्यात तोंड घालून बसलात. तुम्हाला दुसरं काही येतच नाही, ना राहता येतंय, ना जाता. आणि वाट अडवून मी बसलेली.

रागावले नाहीये. म्हणजे रागावलेय, पण तुमच्यावर फार वेळ नाही. मीनूला टाके पडले नाहीत, जखम भरून येईल. पण तिचं वय एकोणीस. तिनं या घरात काचेला घाबरून, आईला घाबरून किती दिवस काढायचे? तिला बाप गेल्याचं रडायलासुद्धा मी मोकळीक दिली नाही. जो गेलाच नाही त्याच्यासाठी ती कशी रडणार?

तर माझं वचन ऐका. नाना भावजींनी दिली तसली वचनं तुम्हाला नको होती. उद्या सकाळी पक्कड घेऊन मी सगळ्या जाळ्या कापून काढणार. एकही ठेवणार नाही. मग भात लावणार, वर दही, आणि तुमच्या पोळपाटावर केळीचं पान मांडून तुतीखाली ठेवणार. चप्पल घरात, कडीच्या आत. तो आला की मी तोंडातून ब्र काढणार नाही, हात उचलणार नाही. दुपारी शुक्लाभाभींकडे जाऊन मीनूला घेऊन येणार, आणि तिच्यासमोर तुमच्यासाठी मोठ्यानं रडणार. ती रडेल तेव्हा तिला जवळ घेणार.

फक्त एक लबाडी करणार आहे, तेवढी चालवून घ्या. भात गॅसवरून उतरवला की तसाच वाढणार, वाफा निघत असताना. कावळा गरम घासाला चोच लावत नाही. तो निवायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ माझ्याजवळ बसा. मग जा.

तुमची,
कुसुम