बाळ ऐटीत बसलंय

लिमा, २ ऑगस्ट

प्रिय आई,

तुझ्या हातांना नेलीचा मुका. बाबांचा गुडघा कसा आहे? मी मजेत आहे, उकडलेल्या बटाट्यांवर ताव मारते.

रविवारी सासूबाईंनी हौसेनं मॉलमधल्या एका दुकानात नेलं. तिथे पोटातल्या बाळाचे फोटो काढून फ्रेम करून देतात. तोंड दिसेना, म्हणून तिथल्या मुलीनं मला चॉकलेट चारलं आणि पाऊण तास पोटावर यंत्र दाबत राहिली. शेवटी दिसलं.

"अगं बाई, खुर्चीत बसल्यासारखा ऐटीत बसलाय!" सासूबाईंनी टाळ्याच वाजवल्या.

मी सुईणीची लेक. आठव्या महिन्यात बाळाचं डोकं खाली हवं, एवढं मला ठाऊक. "डोकं वर आहे का गं?" मी विचारलं.

"ताई, आम्ही फक्त फोटो काढतो."

काल दवाखान्यात गेले. ठोके छान आहेत. डोकं वरच आहे, पण बाळ अजून फिरेल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. नाहीतर ऑपरेशन. तू घाबरू नकोस.

पण लवकर ये. ज्या घोंगडीत बायकांना झुलवून तू पोटातली बाळं फिरवतेस, ती आण. डॉक्टरीणबाईंना आधी विचारू.

बाळाचं नाक तुझंच आहे. फ्रेम मी भिंतीवर उलटी टांगलीय. सासूबाई चिडल्या. म्हटलं, असू दे, बघून तरी बाळ शिकेल.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
नेली