मांडवाखाली

इश्त्रेइतु, मदैरा
१४ मे

प्रिय दिनार्त,

तू, सून, मुलं बरी असाल. तिकडे जर्सी बेटावर अजून स्वेटर लागत असतील. इथे माझं ठीक चाललंय. तू पाठवलेल्या कागदांवर मी सही केलेली नाही. द्राक्षांची जमीन एवढ्यात विकायची नाही. कारण सांगायला थोडा वेळ लागेल.

आमच्या ज्येष्ठांच्या केंद्रात विद्यापीठातली लिओनोर येते. म्हाताऱ्यांच्या व्यायामासाठी खेळ बनवते. डोळ्यांवर मोठा चष्मा लावायचा. त्यातून खोली दिसतेच, पण खोलीत द्राक्षंही लटकलेली दिसतात. हात लावला की घड टोपलीत. तिने वेली माणसाच्या उंचीच्या उभ्या केल्या होत्या. शेजारचा प्लासिदु हसायलाच लागला.

"पोरी, ही कुठली द्राक्षं? तुमच्या लिस्बनकडची? इथे मांडव कमरेएवढा असतो. माणूस खाली वाकून शिरतो."

"पण तुमचे गुडघे, सेन्योर प्लासिदु?"

"गुडघ्यांना विचारून द्राक्षं पिकतात होय?"

तिने ते लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात मांडव खाली आला, आधाराला शेजारी खुर्ची. माझी पाळी आली तशी मी म्हटलं, कंबर दुखतेय.

"एकदाच, दोना झुल्मीरा," लिओनोर म्हणाली.

वाकले. सहा घड तोडले. खुर्ची न धरता उठले आणि बाहेर जाऊन बसले.

वेलींना रोग पडलाय, असं मी तुला कळवलं होतं. रोग नाही. दोन वर्षं द्राक्षं तिथेच सडली, कारण मला खाली शिरवत नव्हतं.

तुझे बाबा गेले तेव्हा मी जवळ होते, असंही सांगितलं होतं. नव्हते. सकाळी आमचं वाजलं होतं. ते मांडवाखाली कामाला गेले. जेवायला बाहेरूनच दोनदा हाक मारली, ओ आली नाही. वाटलं, रुसलेत. वाकून पाहिलं असतं तर दिसले असते. मी घरी आले, गव्हाचं सूप प्यायले आणि पुस्तक घेऊन बसले. चार वाजता ते प्लासिदुला दिसले.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका मोठा होता, लवकर कळूनही उपयोग नव्हता. त्यावर मिळेल ते सगळं वाचलं. मला खात्री झालेली नाही.

रागवायचं असेल तर रागव. सप्टेंबरात द्राक्षं मी काढणार. तू आलास तर बरंच होईल. फक्त ते पडले होते तिथे आधी मला एकटीला जाऊ दे.

तुझी आई, आणि अजून बाबांची
झुल्मीरा