गाडीच्या तोंडी अक्षता

मुरार, ग्वाल्हेर
१८ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. शालूस ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मल्हाररावांचा खोकला उतरल्याचं वाचून बरं वाटलं. आता माझं ऐक. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

खंडेनवमीला जयेंद्रगंजात दिराकडे गेले होते. ह्यांची मोटारसायकल तिथेच असते. हे गेले आणि तेरावं उरकताच जगदेवभाऊजी ती घेऊन गेले. बाईमाणसाला तिचा काय उपयोग, म्हणाले. रियासतीची फौज मोडली तेव्हा तिच्या लिलावातून ह्यांनी हौसेनं घेतलेली गाडी ती! दर रविवारी कार्बोरेटर उघडून बसायचे आणि त्याच्या बारीक भोकात, जेटमध्ये, फुंकर मारायचं काम माझं असायचं.

पूजेला मी कुंकवाची वाटी उचलली मात्र, भाऊजींनी सगळ्या बायकांदेखत सांगितलं की वहिनी, मागे सरा, विधवेचा हात गाडीला नको. माझा हात! मग पूजा केली सुधानं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेनं. खंडेनवमीला घोड्याच्या तोंडी कुंकू-अक्षता द्यायची त्या घराची रीत. घोडे कधीच गेले, पण रीत काही सुटत नाही. सुधानं टाकीचं झाकण उघडलं आणि मूठभर कुंकवात भिजलेल्या अक्षता थेट पेट्रोलमध्ये सोडल्या. हे असते तर तिचा हात धरला असता. मी पाहत उभी राहिले आणि अवाक्षर काढलं नाही.

पहिल्या तारखेपासून राज्य बदलणार, भाऊजींचं सरकारी दफ्तर नव्या राजधानीत, भोपाळला जाणार. गाडीही नेणार म्हणे. शालू, ती गाडी मी भोपाळला जाऊ देणार नाही. ती माझ्याच अंगणात आली पाहिजे.

पोरांना पापे. आठवण ठेव आणि कागदाला आळस करू नकोस.
तुझी ताई, सुमन

इंदूर
२२ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप ताईच्या चरणी शालिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले आणि टाकीतल्या अक्षतांपाशी आले तशी खो खो हसले. गाडीला जेवू घातलं बाईनं! इकडचे म्हणतात, विसरून जा, दिराशी वैर बरं नव्हे. त्यांना काय जातंय सांगायला? मला विचारशील तर गाडी बंद पडली की भाऊजी झक मारत तुझ्याच दाराशी येतील. तेव्हा गरीब गाईसारखी वागू नकोस. गाडीचं काळीजच काढून आण घरी.

तब्येतीला जप. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी शालू

मुरार
२७ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. शालूस आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो! आले भाऊजी. गाडी चालू होते, चौकापर्यंत जाते, खोकते आणि मरते. थोडं थांबलं की पुन्हा चालू. हजीरा भागातल्या मिस्त्रीनं प्लग बदलला, जेट साफ केला, सगळं ठीक आहे म्हणून छातीठोक सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच. होणारच! जेट कितीही साफ करा, टाकीतून कुंकवाचा गाळ उतरतोच आहे. त्यात फुगलेला एखादा तांदूळ नळीच्या तोंडाशी बसला की पेट्रोल बंद.

मी म्हटलं, भाऊजी, विधवेचा हात कसा लावू? ते म्हणाले, वहिनी, आता परेशान करू नका, ट्रक ठरलाय. चूक झाली एवढे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. निघाले असते तर कदाचित मी विरघळले असते.

मी जयेंद्रगंजात गेले, पदर खोचला, सुधाच्या डोळ्यांसमोर कार्बोरेटर उतरवला. घरी नीट साफ करून देते म्हणाले. साफ केलाही, ह्यांच्या जुन्या बनियनच्या चिंधीनं. लाल गाळ निघाला वाटीभर. आणि काल निरोप धाडला की गाडी माझ्या अंगणात लावा, मगच हा पुर्जा बसेल. त्याच्यावाचून गाडी म्हणजे नुसतं लोखंड. ह्या जुन्या गाडीचा पुर्जा आता बाजारात मिळत नाही, हे भाऊजींनाही माहीत आहे. येतील बघ दोन दिवसांत ढकलत.

मल्हाररावांना नमस्कार. मनात जागा असू दे.
सुमन

इंदूर
३१ ऑक्टोबर १९५६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी गमतीत लिहिलं आणि तू खरंच केलंस! शाबास. पण ताई, आली का गाडी? भाऊजी हट्टाला पेटलेला माणूस आहे, मला धास्ती वाटते. दोन ओळी लगेच टाक.

तुझीच शालू

मुरार
९ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. शालूस आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला. लिहायला बसवत नव्हतं.

गाडी आली नाही. भाऊजींनी ती तशीच, कार्बोरेटरशिवाय, दोऱ्यांनी बांधून ट्रकवर चढवली. मी गेले होते बघायला. मला वाटलं, मला पाहून तरी उतरवतील. उलट हमालांदेखत ओरडले की सडली तर भोपाळात सडेल, पण बाईच्या हाती देणार नाही. ट्रक गेला. सुधानं जाता जाता माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. तिचं काय चुकलं बिचारीचं?

काल भाऊजींचं कार्ड आलं. भोपाळचे सगळे मिस्त्री पालथे घातले, पुर्जा मिळत नाही, आता कबाडीवाला गाडी तोडून नेतो म्हणतोय. वहिनी, पुर्जा पाठवा, झालं गेलं विसरा, असं लिहिलंय. माफीचा शब्द त्यातही नाही.

सकाळी कार्बोरेटर कागदात गुंडाळला, सुतळी बांधली, वर पत्ताही घातला. पोस्टाच्या पायरीपर्यंत गेले. शालू, ह्यांची गाडी तुटणार आहे ग. ते गल्लीत वळले की चूल सोडून दाराशी जायचे मी, त्या आवाजावर. तो आवाज आता कुणाच्याच कानी पडणार नाही, आणि हे मीच करते आहे, हे मला कळतंय. पायरीवर उभी राहून पोटभर रडले.

मग पुडकं घेऊन घरी परत आले. नाही पाठवणार.

मला वाईट म्हणालीस तरी चालेल, पण माझीच राहा.
तुझी ताई, सुमन